फियॉर्डात श्रावण

नॉर्वेला निघण्याआधी आम्ही गणेशचतुर्थी कधी आहे ते नीट पाहिलं होतं. हे मी सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण नंतर गावात जे बोललं गेलं त्यावरून कुणालाही वाटेल की गोकुळदास हा पंचांग न बघता घराबाहेर पडणारा माणूस आहे. तसं नाही. मुलाचा फोन आला त्याच संध्याकाळी मी आणि माझी बायको कमलाक्षी, आम्ही भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून मेजावर पसरलं, चष्मे लावले आणि चतुर्थीवर बोट ठेवलं. आमचं परतीचं विमान त्याच्या पुष्कळ आधी गोव्यात, मोप्याच्या विमानतळावर उतरत होतं. गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या माटोळीचं सामान गोळा करायला, घर सारवायला, करंज्यांसारख्या नेवऱ्या तळायला भरपूर वेळ मिळत होता. आम्ही समाधानाने कॅलेंडर परत खिळ्याला लावलं. चतुर्थीच्या आधी कुठला महिना असतो, हा विचार मात्र दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही.

मुलगा म्हणजे साईश. पणजीला हॉटेलचं शिकला आणि नॉर्वेतल्या एका छोट्या जहाजावर स्वयंपाकी म्हणून लागला. मोठी जहाजं म्हणे गावाएवढी असतात; हे तसलं नव्हे. अरुंद फियॉर्डांत शिरता यावं म्हणून मुद्दाम लहान बांधलेलं, जेमतेम चाळीस प्रवाशांचं. तिथे दोन वर्षं तो वरच्या स्वयंपाक्याच्या हाताखाली मासे साफ करत होता. आता ऑगस्टच्या एका सफरीत शेवटच्या दिवसाचं जेवण त्याने पहिल्यांदाच एकट्याने, त्याच्या मनाप्रमाणे करायचं होतं, आणि त्याच सफरीत एक खोली रिकामी होती. कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांना ती सवलतीत मिळते.

"आई, मी हुमण करतलंय," तो फोनवर म्हणाला. "थंयच्या माशाचां, पण आमच्या वाटणाचां. लोक सगळ्याकच बरां म्हणतत. तू जेवलस काय माका कळतला, खरां बरां झालां की नाय तां."

हुमण म्हणजे आमच्याकडची नारळाच्या वाटणातली माशाची आमटी. कमलाक्षी फोन ठेवून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा तिने एवढंच विचारलं, "थंय स्वेटर किती लागतले?"

इथून पुढे हे प्रकरण आमचं राहिलं नाही, आमच्या अख्ख्या पार्शे गावाचं झालं. संध्याकाळी आमच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, बसायला जागा मिळेना. फियॉर्ड म्हणजे काय, हे मी इतक्या जणांना समजावलं की शेवटी मला स्वतःलाच पटायला लागलं. समुद्र डोंगरांच्या मधून आत शिरतो, तेरेखोलच्या खाडीसारखा, फक्त दोन्ही बाजूंना कडे उभे आणि वरून धबधबे. यावर शेजारचा जयराम म्हणाला, "मगे तेरेखोलाकच जावया मरे. फेरीबोट फुकट आसा."

फेरीबोटीचं मला सांगू नये. मी फेरीबोटींच्या खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो आहे. पाण्यावरच्या प्रवासाबद्दल गावात माझा शब्द शेवटचा मानतात. निदान मी तरी तसं मानतो.

व्हिसासाठी जयरामकडे आणखी सोपा उपाय होता. "तुमच्या बापाशीचो जल्म पोर्तुगीज राजवटीतलो. तुमी पोर्तुगीज पासपोर्टच करून घेवा, गोकुळदासबाब. व्हिसाची कटकटच नको." मी त्याला म्हटलं की आठवडाभराच्या सहलीसाठी देश बदलणं मला बरं दिसत नाही. तो नाराज होऊन चहा न घेता गेला, म्हणजे अर्धा पिऊन गेला.

पणजीच्या व्हिसा केंद्रात काचेपलीकडे बसलेल्या मुलीने विचारलं, "सर, तिथे राहणार कुठे?"

"जहाजावर."

"जहाजाचा पत्ता?"

"जहाज फिरतं."

"पण रात्री कुठे असतं?"

"रोज वेगळ्या गावी. कधी गावच नसतं, नुसता डोंगर असतो."

ती शांतपणे म्हणाली, "सर, कॉम्प्युटर एकच पत्ता घेतो." मी सुचवलं की 'समुद्र' असं लिहावं. ती हसली नाही. तिने वरिष्ठांना बोलावलं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी मी नोकरीत असताना फेरीबोटीवर म्हैस चढवू का विचारणाऱ्यांकडे पाहत असे. शेवटी जहाज कंपनीच्या कार्यालयाचा पत्ता चालला. तो ज्या रस्त्यावर होता त्याचं नाव आम्हा तिघांपैकी कुणालाच उच्चारता आलं नाही, त्यामुळे आमच्यात थोडा जिव्हाळा निर्माण झाला.

व्हिसा आला, तिकिटं आली. ती रद्द केली तर पैसे परत मिळत नाहीत, अशी सवलतीची तिकिटं. आणि एक दिवस सकाळी जयराम हातात सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, पिशवी घेऊन गेटात उभा राहिला.

"वहिनी, आज बाजारात रेटारेट बगा! फाल्यापासून श्रावण मगे, लोक महिन्याचां आजच खाताहत." मग त्याचा चेहरा बदलला. "पण तुमी... तुमी श्रावणातच चल्लात? पोराच्या जहाजार?"

कमलाक्षी दारातल्या पायरीवर बसली. खरं सांगतो, तिला तसं बसलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. आमच्या घरात श्रावण लागला की चतुर्थी होईपर्यंत मासळी उंबऱ्याच्या आत येत नाही. कमलाक्षीच्या बाबतीत तर हा नियम म्हणजे श्वास घेण्यासारखा आहे. बाकीचे महिने ताटात मासा नसला तर ती अर्ध्या भातावर उठते. पण श्रावणात कुणी नुसतं सुक्या बांगड्याचं नाव काढलेलं तिला चालत नाही. आणि अशा बाईला मुलगा म्हणत होता, तू माझ्या हातचा मासा जेव.

"साईशाक सांगू नकात," ती म्हणाली. "तो किते दीस वाट बगता. तेचां मन मोडतला."

मग सल्ले सुरू झाले. शेजारच्या शांताबाईंचं म्हणणं, समुद्र ओलांडला की आपले नियम आपल्या किनाऱ्यावर राहतात. डिचोलीहून माझा मेहुणा यशवंत खास मोटार काढून आला. त्याचे खाणीवर ट्रक असतात, त्यामुळे त्याला खगोलशास्त्र कळतं. "श्रावण चंद्रार चलता," तो म्हणाला, "आनी थंय उन्हाळ्यात सूर्यच धड बुडना. काळोख नाय तर चंद्र नाय, चंद्र नाय तर श्रावण खंयचो?" मला हे फार पटलं. मी फोंड्याच्या आमच्या भटजींना फोन लावून हाच मुद्दा जरा सुधारून मांडला. ते म्हणाले, नियम माणसाबरोबर जातो, जागेबरोबर राहत नाही. आणि चंद्र नॉर्वेतही असतो.

"देवीक इचारूया," कमलाक्षी म्हणाली, आणि विषय संपला.

आमच्याकडे घर बांधायचं असो, सोयरीक जुळवायची असो की दुभती म्हैस विकायची असो, देवीला विचारतात. गुरव देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, प्रश्न घालतो आणि सगळे बघत बसतात. उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. याला प्रसाद घेणं म्हणतात. आम्ही देवळात गेलो, तर गुरवाच्या घरात मयत झालेलं. सखाराम गुरव सुतकात. सुतक फिटेपर्यंत देवीच्या अंगाला हात नाही, आणि सुतक फिटायच्या आत आमचं विमान.

असे आम्ही प्रश्न घालायचा राहिलेल्या अवस्थेत मोप्याहून उडालो. सोडायला आलेल्या लोकांना विमानतळाच्या दारावर शिपायाने अडवलं, तेव्हा जयराम त्याला सांगत होता की ह्या पठारावर तू जन्मायच्या आधी आम्ही काजू वेचत होतो. जाताना त्याने माझ्या कानात सांगितलं, "सुतक फिटलां काय मी फोन करतंय. देवळातसून. देवी थंय, तुमी थंय, मदी मी. काळजी करू नकात."

जहाज पांढरं, देखणं आणि खरंच लहान होतं. साईश धक्क्यावर पांढऱ्या कोटात उभा होता. त्याने आईला पाहिलं आणि एवढा मोठा बाप्या सगळ्यांसमोर तिच्या गळ्यात पडला. मी कप्तानाशी हस्तांदोलन करून माझी ओळख जलवाहतुकीतला जुना माणूस अशी करून दिली. कप्तान ताडमाड, पिकल्या दाढीचा, कमी बोलणारा. त्याने आदराने मान हलवली. तो आदर बंदर सुटून उघड्या समुद्राचा पट्टा लागेपर्यंत टिकला. त्या पट्ट्यात मला काय झालं याचं वर्णन करत नाही. एवढंच सांगतो की पाण्यावरून आयुष्यात कधी मांडवी नदीपलीकडे न गेलेली कमलाक्षी रेलिंगला टेकून मजेत लाटा बघत होती, आणि जलवाहतुकीतला जुना माणूस कप्तानाने स्वतः आणून दिलेली बादली मांडीवर घेऊन बसला होता. कप्तान फक्त म्हणाला, "नदीवरची बोट होती वाटतं." मला ते लागलं.

फियॉर्डात शिरल्यावर पाणी आरशासारखं शांत झालं आणि मला जीव आला. खरोखर, काय तो देखावा! कडे सरळ पाण्यातून वर गेलेले, टोकाला ऑगस्टातही बर्फ, आणि जिकडे बघावं तिकडून धबधबे. आमच्याकडे एका धबधब्यासाठी लोक गाड्या घेऊन अर्धा दिवस घालवतात. इथे कुणी मोजतसुद्धा नव्हतं. एवढ्या उंच कड्यावर मध्येच एखादं लाल घर. कमलाक्षी प्रत्येक घराकडे बघून एकच विचारायची, "ही माणसां बाजाराक कशी जाताहत?" तिला एकच गोष्ट खुपत होती. तिन्हीसांजा होतच नव्हत्या. दिवा लावायची वेळ झाली असं घड्याळ म्हणायचं, आणि बाहेर लख्ख ऊन. ती हात जोडून उभी राहायची, उजेडाकडे बघायची आणि म्हणायची, "थोड्या वेळान लावतंय."

आता माशाचं. चढलो तो सोमवार, म्हणून पहिलं जेवण सुखरूप पार पडलं. सोमवारी आम्ही मासे खात नाही हे साईश जाणून होता. खरी परीक्षा मंगळवारी. साईश स्वतः दोन ताटल्या घेऊन आला. लोण्यात भाजलेला गुलाबी सामन मासा, वर हिरवी पानं. तो परत गेला आणि स्वयंपाकघराच्या दाराला जो गोल काचेचा डोळा होता त्यातून बघत उभा राहिला. त्याची पांढरी टोपी तिथे स्पष्ट दिसत होती.

"खातासारख्या करा," कमलाक्षी ओठ न हलवता म्हणाली.

मी खाल्ल्यासारखं केलं. माणसाच्या नाकाखाली लोण्यात भाजलेला मासा असावा आणि त्याने तो नुसता काट्याने हलवावा, यासारखी शिक्षा नाही. टोपी काचेवरून हलली की आम्ही तुकडे कागदी रुमालात गुंडाळायचो, रुमाल माझ्या कोटाच्या खिशात जायचा, आणि जेवण झाल्यावर मी हवा खायच्या निमित्ताने डेकवर जाऊन तो समुद्रपक्ष्यांना रिकामा करायचो. अन्न टाकणं कमलाक्षीला अजिबात चालत नाही. पण तिने निकाल दिला की पक्ष्याच्या पोटात गेलं ते टाकलं नाही.

पक्ष्यांच्या बाबतीत माझा अनुभव कमी पडला. पहिल्या दिवशी एक होता. बुधवारी दुपारी रेलिंगवर ओळीने बसले होते, अगदी पंगतीला बसल्यासारखे. एका जर्मन बाईने त्यांचे फोटो काढले. कप्तानाने भोंग्यावरून जाहीर केलं की पक्षी या सफरीत जहाजाच्या इतक्या जवळ येताहेत, प्रवाशांनी लाभ घ्यावा. सगळे प्रवासी कॅमेरे घेऊन वर आले आणि माझ्याभोवती उभे राहिले. मी खिशावर हात दाबून धबधबा बघत होतो. तेवढ्यात साईश वर आला, आईला दुपारचा कॉड मासा आवडला का विचारायला. पक्ष्यांपैकी सर्वांत थोराड असा एक सरळ माझ्या अंगावर आला, त्याने खिशात चोच घातली आणि रुमाल बाहेर ओढला. कॉडचा मोठा तुकडा, न चावलेला, साईशच्या बुटापाशी पडला.

प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं हा भारतातला काही खेळ असावा.

साईश तुकड्याकडे बघत राहिला. "पप्पा, इतको वायट झाल्लो?"

मी जन्मात इतका लाजलो नाही. कमलाक्षी पुढे आली आणि तिने सगळं सांगितलं. श्रावण, चतुर्थी, सुतक, सगळं. साईशने कपाळाला हात लावला. "माका श्रावण आठवलोच नाय गो, आई," तो म्हणाला. "हंय वार सुद्दा कळणत नाय." मग म्हणाला, "मगे शुक्रवारचां माजां जेवण..." आणि वाक्य अर्धवट सोडून खाली गेला. आईला आग्रह करायचा नाही, एवढं तो तिचाच मुलगा असल्यामुळे जाणत होता. पण त्याचे खांदे पडलेले मला मागून दिसले. मला त्या क्षणी श्रावणाचा, स्वतःचा आणि कॅलेंडरवर चतुर्थीला ठेवलेल्या माझ्या बोटाचा राग आला.

गुरुवारी जयरामचा निरोप आला. सुतक फिटलं. उद्या सकाळच्या पूजेनंतर सखाराम पहिला प्रसाद आमचाच लावणार.

शुक्रवारी आम्ही तिघं डेकवर. साईशने फोन धरला होता. पडद्यावर आधी जयरामची नाकपुडी, मग जयराम, मग देऊळ. आमच्या प्रसादाची बातमी गावभर गेलेली दिसत होती, कारण सभामंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. मागे कुणाची तरी म्हैस विकायचा प्रसाद होता, तो माणूस थांबायला तयार झाला होता. जर्मन बाई आणि आणखी काही प्रवासी आमच्या मागे येऊन उभे राहिले. कप्तानाने साईशला विचारलं, काय चाललंय. साईशने सांगितलं की माझी आई माझ्या हातचा मासा खाण्याची गावच्या देवीकडे परवानगी मागते आहे. कप्तानाने टोपी काढून काखेत धरली.

सखारामने पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. "आये, तुजी लेक कमलाक्षी आज परमुलखात पाण्यार उबी आसा. लेकान रांदलेलो मासो श्रावणात तिणां खावचो की नाय, तां तू सांग. खावचो आसल्यार उजवी दी, नको आसल्यार डावी दी, आनी लेकराचां बरां कर."

"व्हय गे आये!" सभामंडप गरजला. आमच्या मागे जर्मन बाईनेही काहीतरी म्हटलं.

सगळे बघत राहिले. पाकळ्या ओल्या, देवी शांत. जयरामचा हात दुखायला लागला तेव्हा त्याने फोन दुसऱ्या हातात घेतला आणि मध्येच स्वतःचं तोंड दाखवून "आजून नाय" असं सांगितलं. कमलाक्षीने डोळे मिटले होते. साईश फोनकडे नाही, तिच्याकडे बघत होता. आणि मला दिसलं, डावीकडची की उजवीकडची कोण जाणे, पण एक पाकळी हलली. त्याच क्षणी जहाज कड्याच्या आड गेलं आणि पडदा गोठला.

"नेटवर्क गेलां!" साईश ओरडला.

आम्ही तिघांनी कप्तानाकडे पाहिलं. कप्तानाने फियॉर्डाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, टोपी डोक्यावर चढवली आणि वर गेला. इंजिनाचा आवाज बदलला. जहाज थांबलं, आणि मग, देवाशपथ सांगतो, हळूहळू मागे जायला लागलं. फेरीबोटींच्या खात्यात एवढी वर्षं काढली, पण प्रसादासाठी बोट मागे घेतल्याची नोंद माझ्या पाहण्यात नाही.

कडा सरकला. पडदा हलला. जयराम दिसला.

"पडली?" मी विचारलं.

"पडली," जयराम म्हणाला.

"खंयची?"

जयरामने एकदा मागे पाहिलं, एकदा कमलाक्षीकडे पाहिलं. त्याचा चेहरा सफरचंदासारखा लाल झाला. "उजवी," तो म्हणाला.

"फटी मारू नको रे, देवळात उबो आसस!" मागून सखारामचा आवाज आला. "डावी पडली, वहिनी. डावी!"

"वहिनींक बरां दिसतला म्हणान सांगलां," जयराम पुटपुटला आणि फोन खाली केला. पडद्यावर देवळाची फरशी आणि जयरामचे अनवाणी पाय तेवढे दिसत राहिले.

मी लगेच मुद्दा काढला की फोनमध्ये उजवं-डावं उलटं दिसतं. कमलाक्षी म्हणाली, "सखाराम फोनात नाय, देवळात आसा." मग मी म्हटलं की प्रसाद तिच्या नावाने घातला होता, माझं नाव त्यात कुठे आलं नाही, तेव्हा माझ्यापुरता प्रश्न अजून खुला आहे. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. तो प्रश्नही बंद झाला.

त्या दिवशी जेवणाची खोली भरली होती. साईशचं हुमण आलं. पांढऱ्या खोल ताटल्यांत केशरी वाटण, आणि त्यात हॅलिबटचे तुकडे. हा मासा म्हणजे आमच्याकडच्या चपट्या लेपाचा थोरला चुलता, अंगाने म्हशीएवढा. वास आला आणि मला घर आठवलं. लोक खात होते, माना डोलावत होते, पाव बुडवून ताटल्या पुसत होते. कप्तान उठून उभा राहिला आणि त्याने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. वरचा स्वयंपाकी साईशच्या पाठीवर थापा मारत होता. साईश दारात उभा राहून हसत, मान लववत होता, आणि मधूनमधून आमच्या मेजाकडे बघत होता, जिथे पाण्याचे दोन ग्लास आणि पावाची एक परडी होती.

कमलाक्षी उठली. भरल्या खोलीतून, नऊवारीवर माझा जुना स्वेटर घातलेली ती सरळ स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. टाळ्या थांबल्या.

"साईश," ती म्हणाली, "देवीन मासो नको म्हटला. जेवण नको म्हणाक नाय. माका पेज कर."

"पेज?" साईश म्हणाला. "आई, इतक्या लोकांत पेज?"

"माका भूक लागल्या."

तो आत गेला. त्या देशात शनिवारी दुधातली तांदळाची खीर खायची पद्धत आहे, त्यासाठीचे गोल तांदूळ जहाजावर होते. बराच वेळ झाला. लोक गोड खाऊन, कॉफी पिऊनही उठेनात. मग साईश दोन वाडगे घेऊन आला, स्वतःच्या हाताने. या मुलाने चाळीस माणसांचं हुमण न डगमगता केलं होतं, पण आता मेजावर ठेवलेले वाडगे त्याने दोनदा सरकवून नीट केले. पेज जरा जास्तच घट्ट झाली होती, आणि सवयीने त्याने वर एक हिरवं पान ठेवलं होतं. कमलाक्षीने पान बाजूला काढलं, हात जोडले आणि जेवायला लागली. वाडगा रिकामा करून तिने पुढे केला. "आनी हाड."

त्याने दुसरा आणला आणि समोर उभा राहिला. सगळी खोली बघत होती.

"कशी झाली?" त्याने विचारलं.

"मीठ उणां पडलां," कमलाक्षी म्हणाली.

दोन वर्षं या जहाजावर त्याला सगळे छान, सुंदर, अप्रतिम एवढंच म्हणत आले होते. साईश तिच्याकडे बघत राहिला आणि मग असा हसला, की हसता हसता त्याला कोटाच्या बाहीने डोळे पुसावे लागले. त्याने तिच्या हातातला चमचा घेतला, तिच्याच वाडग्यातली पेज चाखली. "व्हय गो, आई," तो म्हणाला, "उणांच आसा." आणि मीठ आणायलाही न जाता तो खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला. दोघं त्या एका वाडग्यातून जेवायला लागली. माझ्या वाडग्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, म्हणून मी तो तसाच अळणी संपवला आणि आणखी मागितला.